नुसत्या बांधाने भागत नाही
'टाकीभोवती बांध आहे, मग तेल बाहेर जाईल कसं?' असं वर एका दादांनी विचारलंय. दादा, बांधात साचलेलं पावसाचं पाणी काढायला ठेवलेल्या निचऱ्याच्या व्हॉल्व्हमधून! अमेरिकेच्या एसपीसीसी, म्हणजे तेलगळती रोखण्याच्या नियमात बांधात सर्वांत मोठ्या टाकीचा पूर्ण साठा आणि वर पावसाचं पाणीही मावावं लागतं. व्हॉल्व्ह एरवी बंद. पाण्यावर तवंग नाही हे बघूनच उघडायचा, पुन्हा लावायचा आणि नोंद करायची. जयपूरच्या इंडियन ऑइलच्या तेल डेपोत २९ ऑक्टोबर २००९ ला आग लागली, त्याआधी पेट्रोल अशाच उघड्या व्हॉल्व्हमधून बांधाबाहेर गेलं होतं. ११ जीव गेले हो! आपल्या बडोद्याशेजारी कोयलीची रिफायनरी आहे आणि पावसाळ्यात विश्वामित्री कशी फुगते ते आपण पाहतोच. साचलेलं पाणी काढायची घाई नेमकी तेव्हाच असते. म्हणून तपासणीत भिंतीच्या उंचीआधी ती नोंदवही मागावी, असं मला मनापासून वाटतं.