प्रॉक्सीला मराठीत काय म्हणायचं? खूण, दाखला की अजून काही?

खाडीकाठ (कळवा): सोसायटीत विज्ञान दिनाला अर्धा तास बोलायचंय, विषय मीच ओढवून घेतलाय, जुन्या काळचं हवामान आणि समुद्रातले प्रवाह. बाकी सगळं मराठीत जमतंय, गाडी अडलीय ती प्रॉक्सीवर. म्हणजे थर्मामीटर नव्हते तेव्हाचं तापमान समुद्रतळाच्या गाळातल्या फोरामिनिफेरा नावाच्या सूक्ष्म जीवांच्या कवचांवरून, बर्फाच्या थरांवरून काढतात ना, ते. प्रॉक्सी म्हटलं की पोरं हसणार, त्यांना कॉलेजातली हजेरीची प्रॉक्सीच ठाऊक.

वाशीकर: हसू द्या की, अर्थ तोच आहे. थर्मामीटर गैरहजर, कवच त्याच्या नावाने "यस सर" म्हणतं.

ऐरोलीची मावशी: कोर्टाच्या कागदात मुखत्यार असतो पण त्याला कुणीतरी नेमलेलं असतं, कवचाला कुणी नेमलं? आणि दाखला तर नकोच, दाखला म्हटलं की लोकांच्या डोक्यात सही-शिक्का आणि रांग.

खाडीकाठ: मुखत्यार बाद. मला खूण बरा वाटतोय, त्याचं कारण आमच्या जुन्या चाळीची भिंत. २६ जुलै २००५ ला घरात पाणी शिरलं, तेव्हा मोजायला कोण बसलंय, पण ओसरल्यावर भिंतीवर तपकिरी रेघ राहिली, माझ्या कमरेच्या जरा वर. बाबा येईल त्याला दाखवायचे, बघा एवढं पाणी. एकदा काकू म्हणाली, अहो भावजी, मग मांडणीच्या तिसऱ्या खणातल्या वह्या कोरड्या कशा राहिल्या, रेघ तर त्याच्या वर गेलीये. मग कळलं की पाणी खालीच होतं, नंतर भिंतीत ओल चढली आणि रेघ तिथे पडली. रेघ खरीच, पण तिच्यात दोन गोष्टी मिसळल्यात. कवचाचं सेम तसंच. समुद्र थंड झाला की कवचात जड ऑक्सिजन-१८ वाढतो आणि जमिनीवर बर्फ साचला तरी वाढतो, कारण हलका ऑक्सिजन-१६ वाफेबरोबर जाऊन बर्फात अडकून बसतो. १९५५ मध्ये चेझारे एमिलियानी या शास्त्रज्ञाने कवचातली ही रेघ मुख्यतः तापमानाची म्हणून वाचली, १९६७ मध्ये दुसरे शास्त्रज्ञ निक शॅकल्टन म्हणाले की मोठा वाटा बर्फाचा आहे. आता कवचातलं मॅग्नेशियमही मोजतात, ते पाण्याच्या उबेबरोबर वाढतं, म्हणजे ओल वेगळी काढता येते.

पारसिक: खूण चालेल. पण प्रवाहाची खूण कशी राहणार, तो तर वाहून गेला?

खाडीकाठ: भारी प्रश्न, यातच माझा एक रविवार गेला. पाण्यात विरघळलेल्या युरेनियमपासून थोरियम आणि प्रोटॅक्टिनियम ठरलेल्या प्रमाणात बनतात. थोरियम लगेच कणांना चिकटून तळाला जातं, प्रोटॅक्टिनियम रेंगाळतं, आणि प्रवाहाला जोर असेल तर त्याच्याबरोबर लांब जातं. बर्म्युडाजवळच्या गाळात सुमारे १७,५०० वर्षांपूर्वीच्या थरात दोघांचं प्रमाण जवळपास बनतानाचंच सापडलं, म्हणजे काही वाहून गेलंच नव्हतं, अटलांटिकचा खोल प्रवाह जवळजवळ थांबला होता. आणि प्रवाह असा मंदावून उत्तर अटलांटिक थंड पडला त्या काळात आपला पावसाळा कमजोर पडल्याच्या खुणा अरबी समुद्राच्या गाळात आहेत, त्यामुळे "तिकडचं आपल्याला काय" म्हणायची सोय नाही.

ऐरोलीची मावशी: मग प्रवाहाच्या या फिरण्याला "अभिसरण" वापरणार का? शाळेच्या भूगोलात अभिसरण म्हणजे तापून वर जाणं, रक्ताभिसरणात म्हणजे फिरणं, पोरांचा घोळ होईल. आमचे शेजारी दिवाळे गावचे, होडीवर जाणारे, ते प्रवाह पण म्हणत नाहीत, "पाण्याला ओढ हाय" म्हणतात.

खाडीकाठ: मावशी, ओढ घेतला! बातम्यांत "प्रवाह कोसळणार" लिहितात ते वाचून मला कायम पूल आठवतो. ओढ मंदावते, ओढ थांबते, सरळ मराठी. अजून एक, २००४ पासून अटलांटिकमध्ये साडेसव्वीस अंश उत्तरेला यंत्रं लावून ही ओढ थेट मोजतात, पण एवढ्याशा नोंदीवर हजारो वर्षांचं काय कळणार, त्याआधीसाठी खुणाच बघाव्या लागतात.

वाशीकर: म्हणजे २००४ पासून स्वतः हजर, आधी सगळी प्रॉक्सी. मी म्हटलं होतं 😄