माणूस समजून घेताना मनाशी काय गृहीत धरावे?

अबोली (मुलुंड):
आमच्या गृहनिर्माण संस्थेत पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत आणि सचिव या नात्याने सर्व सभासदांशी बोलण्याचे काम माझ्याकडे आहे. एक ज्येष्ठ सभासद, ज्यांना सगळे काका म्हणतात, प्रत्येक सभेत, बांधकामाच्या काळात विकासकाने द्यायच्या भाड्याविषयीचा तोच प्रश्न विचारतात, इतिवृत्तातला एखादा शब्द बदलायला लावतात आणि संमतिपत्र पुढे केले की चष्मा काढून, घडी घालून खिशात ठेवतात. त्यानंतर ते बोलत नाहीत. समितीतील बहुतेकांनी ‘त्यांना जादा जागा हवी आहे’ असे ठरवून टाकले आहे. २०१९ च्या शासन निर्णयानुसार ५१ टक्के संमती पुरेशी असल्यामुळे त्यांच्यावाचून काम अडणार नाही; परंतु ज्यांच्याबरोबर पुढेही एकाच इमारतीत राहायचे आहे, त्यांना डावलून पुढे जाणे मला पटत नाही. संवादकौशल्याच्या एका कार्यशाळेत ‘प्रत्येक वर्तनामागे काही चांगला हेतू असतो असे गृहीत धरा’ असे सांगितले होते. हे कितपत मानावे?

वाटसरू (दादर):
मी समुपदेशनाच्या क्षेत्रात काम करतो. आपण ऐकलेले वाक्य एनएलपी (न्यूरो-लिंग्विस्टिक प्रोग्रॅमिंग), म्हणजे भाषा आणि विचारांच्या सवयींतून वागणे बदलू पाहणाऱ्या पद्धतीतले आहे. रिचर्ड बँडलर आणि जॉन ग्राइंडर यांनी १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात ती मांडली. तिचे अनेक दावे शास्त्रीय कसोटीवर टिकलेले नाहीत, हे आधीच सांगितलेले बरे. तरीही तिच्यातली काही गृहीतके व्हर्जिनिया सटीर यांच्यासारख्या अनुभवी उपचारकांच्या कामातून आलेली आहेत आणि ती सिद्धांत म्हणून नव्हे, तर बोलणे सुरू करण्यापुरती धरली तर उपयोगी पडतात. ‘नकाशा म्हणजे प्रदेश नव्हे’ हे भाषा आणि अर्थाचे अभ्यासक आल्फ्रेड कोर्झिब्स्की यांचे १९३१ मधले विधानही त्यांतच येते: काकांच्या मनातले पुनर्विकासाचे चित्र आणि आपल्या मनातले चित्र एकच आहे असे धरू नये.

हेतू चांगला मानणे म्हणजे वर्तन योग्य मानणे नव्हे. त्यांचा हेतू घर राखण्याचा असेल आणि त्यासाठी निवडलेला मार्ग सर्वांना त्रासदायक असेल, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. ‘तुम्ही सही का करत नाही?’ असे विचारले की माणूस स्वतःचा बचाव करू लागतो. त्याऐवजी ‘सही केल्यावर काय बिघडेल असे आपल्याला वाटते?’ असे विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत मध्ये बोलू नये. हे दुसरे पाळणे अधिक कठीण असते.

सांजवारा (बोरिवली):
माणसाच्या वागण्याचे कारण त्याच्या स्वभावात शोधायचे आणि परिस्थितीकडे दुर्लक्ष करायचे, या सवयीवर सामाजिक मानसशास्त्रात बरेच संशोधन झाले आहे. डार्ली आणि बॅटसन यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, प्रिन्स्टन येथील धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना भाषणासाठी दुसऱ्या इमारतीत पाठवले आणि वाटेत एक खोकणारा, कोसळलेला माणूस ठेवला. ज्यांना वेळ होता त्यांपैकी ६३ टक्के मदतीला थांबले. ज्यांना उशीर झाल्याचे सांगितले होते त्यांपैकी केवळ १० टक्के. जोन मिलर यांनी १९८४ मध्ये अमेरिकन आणि म्हैसूरमधील हिंदू लोकांची तुलना केली, तेव्हा म्हैसूरमधील प्रौढ व्यक्ती वर्तनाची कारणे सांगताना परिस्थितीचा उल्लेख अधिक करतात असे दिसले. म्हणजे परिस्थिती पाहण्याची ही दृष्टी आपल्याला परकी नाही. सभेत आवाज चढले की मात्र ती आपण बाजूला ठेवतो.

काकांच्या बाबतीत परिस्थिती शोधायला फार लांब जावे लागणार नाही. गोरेगावच्या पत्राचाळीतील ६७२ कुटुंबांच्या पुनर्विकासाचा करार २००८ मध्ये झाला, आणि त्यानंतर त्यांना वर्षानुवर्षे भाड्याच्या घरांत काढावी लागली. उतारवयात घर रिकामे करायचे असलेल्या मुंबईकराने भाड्याविषयी पुन्हा पुन्हा विचारले, तर त्यात हट्ट कोणता?

गिरगावकर:
वरील दोन्ही प्रतिसाद मला आवडले, परंतु एक धोका दोघांच्याही नजरेतून सुटला आहे. ‘काका लोभी आहेत’ हे जसे गृहीतक आहे, तसेच ‘काका घाबरले आहेत’ हेही गृहीतकच आहे; आणि दुसरे गृहीतक सौम्य असल्यामुळे ते तपासावे असे आपल्याला सुचतही नाही. घाबरलेल्या माणसाला आपण धीर देत बसतो आणि त्याचा प्रश्न तसाच राहतो. कदाचित त्यांचा प्रश्न सरळसरळ बरोबर असेल: विकासकाने भाडे थांबवले तर बँक हमीतून ते कसे वसूल होणार, हे मसुद्यात लिहिलेले आहे का? म्हणून माझ्या मते सर्वांत उपयोगी गृहीतक असे की, समोरच्याला आपल्याला ठाऊक नसलेले काहीतरी ठाऊक आहे.

मात्र हे सर्व संभाषणापुरते. विकासकाच्या हेतूविषयी कितीही चांगले गृहीत धरले, तरी करारात ते चालत नाही. तिथे प्रत्येक अट लिखितच हवी. तसेच एखादा सभासद शिवीगाळ करू लागला, तर त्याचा हेतू शोधत बसण्यापूर्वी सभा थांबवावी.

अबोलीताई, काकांच्या प्रश्नाला आजवर लेखी उत्तर दिले गेले आहे का, एवढे इतिवृत्तांत पाहावे.

अबोली (मुलुंड):
आपल्या सर्वांची मनापासून आभारी आहे. इतिवृत्ते काढून पाहिली. प्रश्न प्रत्येक वेळी नोंदलेला आहे. पुढे ‘चर्चा झाली’ एवढेच लिहिले आहे. शनिवारी मी काकांकडे मसुद्याची प्रत घेऊन जाणार आहे, संमतिपत्र नेणार नाही. ते जे मुद्दे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून, त्यांना वाचून दाखवून, आमच्या वास्तुविशारदांकडे आणि वकिलांकडे लेखी उत्तरासाठी पाठवीन.