जपानमधला उन्हाळा, डोंगर आणि कॅमेरा : तुमचे अनुभव लिहा

गेल्या आठवड्यात कामिकोचीला (नागानो प्रांतातलं डोंगरांमधलं खोरं) जाऊन आलो आणि ते डोळ्यांसमोरून हलतच नाहीये, म्हणून म्हटलं धागाच काढूया. जुलै-ऑगस्टात जपानच्या उंच डोंगरांत कॅमेरा घेऊन चालून आलेल्यांनी लिहा, मनासारखा फोटो मिळाला असेल तर लिहाच पण हुकला असेल तर आधी लिहा.

सुरुवात मी करतो. कामिकोची साधारण १५०० मीटरवर, खाजगी गाड्यांना बंदी, नागानोकडून आलात तर सावांदोला गाडी लावून बसने आत जायचं. दिवसा कप्पाबाशी पुलावर ही गर्दी! आम्ही कोनाशिदाइराला तंबूत राहिलो त्यामुळे अंधारातच निघून ताइशो तळ्यापर्यंत चालत जाता आलं, तासाभराहून थोडं जास्त लागतं, सॅकला अस्वलासाठी घंटी बांधलेली. १९१५ मध्ये याकेदाके ज्वालामुखीचा उद्रेक झाला, चिखलराडा येऊन आझुसा नदी अडली आणि हे तळं झालं. तेव्हा बुडालेल्या झाडांचे वाळके बुंधे अजून पाण्यात उभे आहेत, आता थोडेच उरलेत. पाण्यावरून पातळ धुकं सरकत होतं आणि होताकाच्या सुळक्यांवर ऊन आधी गुलाबी, मग केशरी होत खाली उतरत आलं. जेमतेम वीस मिनिटं. मग वारा सुटला आणि प्रतिबिंब मोडलं.

---

माझा इंद्रवज्राचा, म्हणजे धुक्यावर आपल्या सावलीभोवती दिसणाऱ्या गोल इंद्रधनुष्याचा. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर त्याच्यासाठी पाच पावसाळे गेलोय, एकदाही दिसलं नाही. आणि दिसलं कुठे तर जपानमधल्या किसो-कोमागाताके डोंगरावर! रोपवेने सेन्जोजिकीला उतरलो (२६१२ मीटर, साडेसात मिनिटांत वर), तिथून चढून धारेवरच्या झोपडीत मुक्काम. सकाळी पूर्वेला ढगांच्या समुद्रापलीकडे जपानच्याच ‘दक्षिण आल्प्स’ची रांग आणि तिच्या मागून डोकावणारा फुजी, सगळे ट्रायपॉड तिकडेच. मी सहज पाठ फिरवली तर पश्चिमेला किसो खोऱ्यातून धुकं वर आलेलं आणि त्याच्यावर माझी सावली, डोक्याभोवती रंगांचं गोल कडं. शेजारचे आजोबा ‘बुरोक्केन, बुरोक्केन’ (इंद्रवज्राला तिकडे हेच म्हणतात) म्हणत माझा हात धरून दाखवत होते. लेन्स बदलायला गेलो असतो तर गेलंच असतं, जी लावलेली होती तिनेच चार फोटो काढले. चौथ्यात कडं नाहीये.

---

तातेयामाला मुरोदोपर्यंत, म्हणजे २४५० मीटरपर्यंत, बसच जाते म्हणून आईला नेता आलं, तिचे गुडघे दुखतात. मिकुरिगाइके तळ्यात डोंगराचं प्रतिबिंब हवं होतं मला, आणि पोचलो तर दहा पावलांपलीकडचं दिसेना. मी तोंड पाडून बसले. आई म्हणाली, "अगं हळू, पायाशी बघ." दगडी वाटेच्या कडेला रायचो या डोंगरी पक्ष्याची मादी आणि मागे चार पिल्लं, हाइमात्सूच्या झुडपातून बाहेर येऊन कोवळी पानं टिपत होती. स्वच्छ उन्हात वरून शिकारी पक्षी बघतात म्हणून हे पक्षी लपून बसतात, धुक्यातच निवांत फिरतात, हे नंतर कळलं. आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो, ती सगळी वाट ओलांडून जाईपर्यंत. प्रतिबिंब राहिलं ते राहिलंच, पण घरात फ्रेम लागलीय ती याच फोटोची.

---

छोटीशी टीप. बसच्या एसीतून उतरल्या उतरल्या कॅमेरा बाहेर काढू नका, काच धुरकट होते आणि पुसून उपयोग नाही. बॅगेतच अर्धा तास राहू द्या.

---

कुरुमायामा डोंगर, जुलैचा मध्य, निक्को-किसुगेची पिवळीधमक फुलं बघायला. हरणं खातात म्हणून फुलांच्या पट्ट्यांना विजेचं कुंपण घातलंय, पण त्याच्या आत जे काही फुललेलं असतं ना! मला दुपारचे ढग हवे होते फ्रेममध्ये म्हणून मुद्दाम उशिरा चढलो आणि एकच्या सुमारास गडगडायला लागलं. उघडं पठार, झाड नाही, आडोसा नाही, हातात धातूचा ट्रायपॉड. एक जपानी बाई येऊन ठामपणे म्हणाल्या, खाली चला, आत्ता. त्यांच्या मागोमाग जवळजवळ पळतच उतरलो आणि खाली छपराखाली पोचतोय तोच समोरच्या उतारावर वीज पडली. हात थरथरत होते बराच वेळ. दुसऱ्या दिवशी उजाडताच परत गेलो. हे फूल एकच दिवसाचं, सकाळी उमलतं आणि संध्याकाळी मिटून जातं, म्हणजे कालची सगळी सुकलेली आणि त्याच दांड्यांवर आजच्या कळ्या उघडत होत्या, पाकळ्यांवर रात्रीच्या पावसाचे थेंब.