अनुभव धागा: ऑफिसचा दौरा आणि आधीच भरलेलं क्रेडिट कार्ड

ऑफिसच्या कामासाठी बाहेरगावी जायचं, विमान-हॉटेल-टॅक्सीचे पैसे आधी स्वतः भरायचे आणि परत आल्यावर बिलं लावून ते मागायचे, ही पद्धत मुंबईतल्या कित्येक कंपन्यांत आहे. खात्यात शिल्लक असेल त्याला हे जाणवतही नाही. पण घरातल्या आजारपणामुळे किंवा मध्ये नोकरी गेल्यामुळे कार्डावर दीड-दोन लाख थकले असतील, तर ‘चार दिवस हैदराबादला जाऊन या’ एवढं ऐकूनच पोटात गोळा येतो. यावर कुणी मोकळेपणाने बोलत नाही, म्हणून हा धागा काढते आहे.

आधी हिशेब मांडते. कार्डाची ४५-५० दिवसांची बिनव्याजी मुदत मागचं बिल पूर्ण भरणाऱ्यालाच मिळते. थकबाकी पुढे ओढली की नव्या खर्चावरही स्वाइप केल्या दिवसापासून व्याज लागतं. महिना साडेतीन टक्के दर धरा. ४०,००० रुपयांचा दौरा आणि पैसे हातात यायला ५० दिवस लागले, तर व्याज साधारण २,३०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून सुमारे २,७०० रुपये. कंपनी बिलाचे ४०,००० देते, २,७०० आपल्या पगारातून जातात. मूळ थकबाकी दोन लाख असेल तर तिचं महिन्याचं व्याज जीएसटीसकट ८,२६०. किमान रक्कम साधारण पाच टक्के, म्हणजे १०,०००. ती नेमाने भरली तरी मुद्दल १,७४० रुपयांनीच उतरतं. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये या व्याजाला ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केली. त्यामुळे दर उतरायची वाट बघत बसू नका.

माझं मत स्पष्ट आहे. आपण कंपनीला दर दौऱ्यागणिक उसने पैसे देतो आणि त्याचं व्याजही आपणच भरतो. आपापले अनुभव लिहा. कंपनीचं नाव नको.

मुलुंड, औषध कंपनीत एमआर (डॉक्टरांना भेटणारा कंपनीचा प्रतिनिधी)

आमच्याकडे हेडक्वार्टर (नेमणुकीचं गाव), एक्स-स्टेशन (जाऊन त्याच दिवशी परत) आणि आउटस्टेशन (रात्रीचा मुक्काम) असे तीन भत्ते. माझी आउटस्टेशन नाशिक, धुळे, जळगाव. लॉज, एसटी, रिक्षा, डॉक्टरांच्या मीटिंगचा चहा-नाश्ता, सगळं आधी माझं. महिना संपला की एक्स्पेन्स स्टेटमेंट भरायचं, ते रोजच्या रिपोर्टशी जुळायला हवं, मग मॅनेजर मंजूर करणार, मग हेड ऑफिस. मॅनेजर रजेवर गेला की सगळं तिथेच अडकतं.

बाबांच्या बायपासच्या वेळी मेडिक्लेम पुरला नाही, वरची रक्कम माझ्या दोन कार्डांवर गेली. त्यानंतर प्रत्येक दौरा म्हणजे लिमिटशी झटापट. धुळ्याच्या लॉजवर चेक-इनला डिपॉझिट म्हणून कार्डावर रक्कम अडवून ठेवली, ती लगेच सुटली नाही, आणि परतीच्या बसचं तिकीट काढायला कार्ड चालेना. एका केमिस्टकडून उसने घेऊन परत आलो. ज्या माणसाकडून ऑर्डर घ्यायची त्याच्याकडेच हात पसरायचा, हे फार लागलं मला.

आणखी एक गोष्ट कळायला वेळ लागला. क्लेमचे पैसे आले की मी ते कार्डात भरायचो आणि वाटायचं दौरा फिटला. पण भरलेली रक्कम आधी व्याजात आणि शुल्कात वळती होते, मग मुद्दलात. शेवटी एरिया मॅनेजरशी स्टेशनवरच्या चहाच्या टपरीवर बोललो. कर्जाचा आकडा सांगितला नाही, एवढंच म्हटलं की घरच्या आजारपणामुळे पुढचे काही महिने खिशातून खर्च उचलणं जमणार नाही. ते म्हणाले, अरे, टूर ॲडव्हान्स आहे की आपल्याकडे, कुणी मागतच नाही. आता दौऱ्याच्या आधी अंदाजे खर्चाच्या बऱ्याचशा रकमेचा ॲडव्हान्स मिळतो. तो मी पगाराच्या खात्यात न घेता वेगळ्या बचत खात्यात घेतो आणि त्याच डेबिट कार्डावर दौरा करतो. क्रेडिट कार्ड घरीच असतं.

लोअर परळ, अकाउंट्स विभाग

मी टेबलाच्या पलीकडे बसते, म्हणून लिहिते. मुद्दाम कुणाचे पैसे अडवत नाही आम्ही. क्लेम परत जातो तो ठरावीक कारणांनी: हॉटेलच्या बिलावर कंपनीचं नाव आणि जीएसटी क्रमांक नाही, ॲपची पावती आहे पण टॅक्स इन्व्हॉइस, म्हणजे जीएसटीचा तपशील असलेलं बिल, नाही, मंजुरी तोंडी घेतलेली. चेक-इन करतानाच रिसेप्शनला जीएसटी क्रमांक द्या. निघताना सांगितलं तर बिल बदलून मिळेपर्यंत आठवडे जातात.

पेमेंट ठरावीक तारखांना निघतात. आमच्याकडे १० आणि २५. दहा तारखेची गाडी चुकली की पंधरा दिवस गेलेच. कटऑफ, म्हणजे क्लेम लावायची शेवटची तारीख, कोणता हे आमच्याकडे येऊन विचारा, राग येत नाही आम्हाला. शक्यतो दौऱ्यावरूनच रोजच्या रोज बिलांचे फोटो चढवा.

बोरिवली, गृहिणी

दौरा ह्यांचा असतो, पण कसरत माझी. ह्यांचा बंगळुरूचा क्लेम यायचा होता म्हणून मुलीची फी थांबवली आणि शाळेतून मेसेज आला. भिशीचा नंबर आधी उचलून निभावलं. कंपनीत कुणाला तरी हे कळायला हवं.

गोरेगाव, मंत्रालयातून निवृत्त

आमच्या काळी हिवाळी अधिवेशनासाठी डिसेंबरात नागपूरला जावं लागे. निघण्यापूर्वी प्रवास भत्त्याचा अग्रिम घ्यायचा, परतल्यावर देयक सादर करायचं, ही सरळ रीत. अग्रिम मागण्यात कमीपणा कधी कुणाला वाटला नाही. माझा मुलगा खासगी कंपनीत आहे, तो मात्र म्हणतो, ‘बाबा, मागितलं तर काय म्हणतील?’ ही भीती कुठून आली ते मला उमगत नाही. तरुण मंडळींना एक सुचवतो. ऑफिसची पतसंस्था असेल तर तिचं कर्ज घेऊन कार्ड आधी मोकळं करा. घरात सोनं असेल तर सोनेतारण. कार्डाच्या मानाने दोन्हींचं व्याज पुष्कळ कमी. आणि एटीएममधून क्रेडिट कार्डावर रोख कधीही काढू नका. तिथे बिनव्याजी मुदत कुणालाच नाही, वर शुल्क वेगळं.

अंधेरी, आयटी सपोर्ट

एकच भर घालतो. पुण्यात क्लायंटकडे बसलो असताना वसुलीवाल्याचा फोन आला होता, तोही संध्याकाळी साडेसातनंतर. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर त्यांनी फोन करायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तसं बँकेला लेखी कळवलं, रात्रीचे फोन थांबले.

घाटकोपर, सर्व्हिस इंजिनिअर

मला पुढच्या आठवड्यात गुवाहाटीला पाठवतायत. कार्डावर बारा हजारांचं लिमिट उरलंय. साहेब नवीन आहेत, कर्जाचं त्यांना सांगायचं नाही. काय लिहू?

धागा काढणारी

कारण सांगायची गरज नाही. मेलच करा, म्हणजे लेखी राहील. मी असा लिहिला होता:

‘सर, गुवाहाटी दौऱ्याचा अंदाजे खर्च सोबत जोडला आहे. एवढी रक्कम वैयक्तिक कार्डावर उचलणं मला शक्य नाही. कृपया विमानाचं तिकीट आणि हॉटेल कंपनीमार्फत बुक व्हावं, तसंच टॅक्सी व जेवणासाठी ॲडव्हान्स मिळावा. परतल्यावर आठवड्याभरात हिशेब सादर करेन.’

गावाचं नाव तेवढं बदललंय. हॉटेलचं बुकिंग ‘बिल कंपनीला’ असं करून घ्या, नाहीतर रिसेप्शनवर पुन्हा तुमचंच कार्ड मागतील. अकाउंट्सना सीसीमध्ये ठेवा.

घाटकोपर, सर्व्हिस इंजिनिअर

काल पाठवला. तिकीट ट्रॅव्हल डेस्कने काढलं, ॲडव्हान्स मंजूर झाला. हॉटेलचं सोमवारी सांगतो म्हणालेत. कळलं की लिहितो.