जपानच्या छोट्या बंदरगावांतले मासे : कुठे, कधी, कसे खावेत? (अनुभव धागा)

टोकियो-ओसाकाच्या बाहेर, आठ-दहा खुर्च्यांच्या खानावळीत बसून त्याच बंदरात उतरलेले मासे ज्यांनी खाल्लेत, त्यांच्यासाठी हा धागा. प्रवासवर्णन नको. गाव, महिना, काय मागवायचं आणि कुठे फसायला होतं, एवढं नेमकं लिहा. सुरुवात मीच करते.

दाराबाहेरच्या फोटोतला रंगीत काइसेनदोन, म्हणजे भातावर रचलेले कच्चे मासे, पुष्कळदा त्या गावचा नसतोच. नारिंगी सॅल्मन नॉर्वे किंवा चिलीचा, आणि लालभडक ट्यूना लांबच्या समुद्रात धरून गोठवून आणलेला. चवीला वाईट नाही, पण तो टोकियोतही मिळतो. त्यासाठी दोन-तीन तासांची रेल्वे कशाला? गावचा मासा काउंटरमागच्या फळ्यावर खडूने लिहिलेला असतो. हाताचं अक्षर मोबाइलच्या कॅमेऱ्याला नीट वाचता येत नाही, म्हणून सरळ विचारावं : "क्योओ नो जिझाकाना वा नान देसु का?" आजचे इथले मासे कोणते, एवढाच प्रश्न. मग साशिमी (कच्चे काप), शिओयाकी (मीठ लावून भाजलेला), नित्सुके (सोयात शिजवलेला) की फुराइ (पावाचा चुरा लावून तळलेला), हे स्वयंपाक्यावरच सोडा. फळ्यावर किमतीच्या जागी 'जिका' लिहिलं असेल तर भाव रोजचा असतो. मागवण्याआधी "इकुरा देसु का" विचारण्यात काही गैर नाही. भात, मिसो सूप, लोणचं आणि एखादी छोटी वाटी यांसह साधं तेइशोकू (ठरलेलं ताट) साधारण १५०० ते २५०० येनला मिळतं. सुट्या नोटा जवळ ठेवा, कारण कार्ड सगळीकडे चालत नाही.

वेळेत गफलत फार होते. दुपारचं जेवण अकराला सुरू होतं आणि दीड-दोनला आवरतं, चांगला मासा त्याआधीच संपतो. बंदरावरचा लिलाव आठवड्यात एखाद-दोन दिवस बंद असतो. वादळात किंवा हिवाळी लाटांत होड्या बाहेर पडत नाहीत, तेव्हा खानावळही बंद राहते किंवा आदल्या दिवसाचा माल वाढते. ऑगस्टच्या मध्यात ओबोनची सुट्टी आणि नववर्षाचा आठवडा टाळलेला बरा.

*

शिरासू आणि साकुराएबीबद्दल.

शिरासू म्हणजे मुख्यतः अँकोव्हीची पारदर्शक पिल्लं, बोटाच्या पेराएवढी. एनोशिमा-कामाकुरा पट्ट्यात (टोकियोजवळ, कानागावा प्रांतात) ती कच्ची (नामा) आणि मिठाच्या पाण्यात उकडून (कामाआगे) अशी दोन्ही मिळतात. कच्ची काही तासांतच पाणी सोडते आणि कडवट होते, त्यामुळे होडी गेली नाही त्या दिवशी नामा शिरासू नसतो. तरीही पाटीवर दिसला तर तो गोठवलेला आहे का ते विचारा. कानागावा प्रांतात १ जानेवारी ते १० मार्च त्याची मासेमारी पूर्ण बंद असते. आपल्याकडच्या पावसाळी बंदीसारखाच हा नियम, फक्त ऋतू वेगळा. पहिल्यांदा खाणाऱ्याने अर्धा भात नामा, अर्धा कामाआगे असा घ्यावा. वर किसलेलं आलं आणि सोयाचे मोजके थेंब. सोया ओतला की फक्त सोयाच लागतो.

साकुराएबी आपल्या जवळ्याच्याच कुळातली, पण गुलाबी आणि गोड. सुरुगा उपसागरात (शिझुओका प्रांत) वसंतात (मार्चअखेर ते जूनची सुरुवात) आणि शरदात (ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर) रात्री धरतात. तिथल्या युइ बंदरावर मच्छीमारांच्या सहकारी संस्थेचीच टपरी आहे, तिथला काकिआगे (भज्यासारखा तळलेला) खावा. पीठ इतकं पातळ की जेमतेम कोळंबीला कोळंबी चिकटते. तो रश्शात बुडवू नका. मीठ भुरभुरवून गरम असतानाच संपवा. मिशांसकट खायचा, टोचत नाही. २०१८पासून माल कमी झाल्याने मच्छीमार स्वतःहून हात आखडता घेतात, म्हणून हंगामातही कच्ची साकुराएबी रोज मिळेलच असं नाही.

*

इझु द्वीपकल्पातल्या शिमोदा किंवा इनातोरीला जाणार असाल तर किनमेदाइ. खोल पाण्यातला लाल मासा, मोठे सोनेरी डोळे, भरपूर चरबी. साशिमी बरी लागते, पण हा मासा खरा खुलतो नित्सुकेत. दोन तुकड्यांसाठी प्रमाण असं :

पाणी १५० मिली, साके (तांदळाची दारू) १०० मिली, सोया आणि मिरिन (स्वयंपाकातली गोड दारू) प्रत्येकी ३ मोठे चमचे, साखर दीड चमचा, आल्याचे पातळ काप. आधी कातडीवर फुलीची चीर द्यायची, नाहीतर ती आकसून फाटते. मग माशावर उकळतं पाणी ओतून लगेच गार पाण्यात घालायचं आणि उरलेले खवले नि रक्त बोटाने काढायचं. ही पायरी वगळली की रस्सा हिवसतो. रसाला उकळी फुटल्यावरच मासा कातडी वर ठेवून एका थरात सोडायचा आणि भांड्याच्या तोंडापेक्षा लहान झाकण थेट माशावर ठेवायचं. मध्यम आचेवर दहा-बारा मिनिटं. उलटायचा नाही. रस कमी असला तरी झाकणाखाली फेसाळून वरपर्यंत पोचतो. शेवटची दोन मिनिटं झाकण काढून पळीने रस वर घालत आटवायचा.

आपल्या जिभेला ते गोड लागेल. मिरचीची, कोकमाची वाट पाहू नका. मासा साध्या भाताबरोबर खा, म्हणजे गोडी जागेवर बसते.

अख्खा मासा आला तर आधी वरची बाजू खायची : पाठीचा भाग, मग पोट. नंतर शेपटीकडून मधला काटा उचलून बाजूला ठेवायचा आणि खालची बाजू तशीच खायची. मासा पालथा करत नाहीत. गालाचा गोळा आणि डोळ्याभोवतीचं मांस सोडू नका. ते ताटात राहिलेलं पाहून स्वयंपाक्याला वाईट वाटतं, आणि ते योग्यच आहे.

*

योबुको (सागा प्रांत, काराट्सुजवळ) : इथे माकूल (स्क्विड) जिवंत टाकीतून काढून ताटात येतं, त्याला इका नो इकिझुकुरी म्हणतात. उन्हाळ्यात केनसाकी जातीचं, थंडीत आओरी. अंगाचा भाग काचेसारखा पारदर्शक असतो आणि बघता बघता पांढरा पडतो, म्हणून फोटो एकच काढा. सुरुवातीला चव सौम्य आणि चावणं कुरकुरीत. पाय हलत असतात, चोखण्या जिभेला नि गालाला चिकटतात. लहान तुकडा घ्या आणि नीट चावा. पाय आणि अंगाच्या कडेचे पंख सगळे कच्चे संपवायचे नसतात, ताट परत देऊन "तेनपुरा" किंवा "शिओयाकी" सांगायचं. बरेच जण हे न कळल्याने अर्धं जेवण सोडून उठतात. समुद्र खवळलेला असेल तर जिवंत माकूलच नसतं, निघण्यापूर्वी फोन करावा. हलणारे पाय बघवत नसतील तर हे मागवूच नये, साधी इका साशिमी घ्यावी.

*

कच्च्या माशातल्या अळीबद्दल (आनिसाकिस) स्पष्ट लिहायला हवं, कारण "वासाबी लावला की मरते" असं अजून ऐकू येतं. नाही मरत. वासाबी, सोया, व्हिनेगर, मीठ, साके यांपैकी कशानेही नाही. उणे २० अंशांत २४ तास गोठवलं किंवा ६० अंशांवर एक मिनिट शिजवलं तरच मरते. त्यामुळे शिमेसाबा, म्हणजे व्हिनेगरमध्ये मुरवलेला बांगड्याच्या कुळातला साबा, आपोआप सुरक्षित होत नाही. आधी गोठवला होता का, हे विचारण्याजोगं आहे. मासा मेल्यावर अळ्या आतड्यांतून मांसात सरकतात, म्हणून लगेच पोट साफ केलेल्या माशात धोका कमी असतो. फुकुओकात (पश्चिम जपान) लोक साबा कच्चा खातात, कारण त्या बाजूच्या समुद्रातली अळीची जात मांसात कमी शिरते. ती सवय टोकियोच्या बाजूला आणू नये.

तोयामाच्या होतारुइकामध्ये (वसंतातलं चमकणारं चिमुकलं माकूल) वेगळा परजीवी असतो. ते आतड्यांसकट कच्चं खायचं तर गोठवलेलंच. उकडून व्हिनेगर-मिसोबरोबर मिळतं ते निर्धास्त खा. डोळे, चोच आणि पाठीतली काडी काढलेली नसेल तर दातात येते.

कच्चं खाल्ल्यावर काही तासांत पोटात जोराची कळ आली तर अँटासिड घेत बसू नका, दवाखाना गाठा. दुर्बिणीने अळी काढली की आराम पडतो.

*

वरचं सगळं वाचून मासा जितका ताजा तितका चांगला असं वाटेल, त्यात एक दुरुस्ती. हिरामेसारखा पांढरा चपटा मासा मारल्या दिवशी चिवट आणि बेचव असतो. मेंदूत टोचा मारून, रक्त काढून, मणक्यातून तार घालून मारला (इकेजिमे) की ताठरता उशिरा येते. मग एक-दोन दिवस थंडीत ठेवला की मांसातली चव वाढते. उलट इवाशी (तारलीच्या कुळातला) आणि आजि (हॉर्स मॅकरेल) त्याच दिवशी खावेत. म्हणून "आजचाच आहे ना?" असा हट्ट प्रत्येक माशाला धरू नये.

*

बरोबर शाकाहारी मंडळी असतील तर : मिसो सूप, उकडलेल्या भाज्या, अगदी टोफूवरचा रससुद्धा बहुधा माशाच्या दाशीचा (उकळून काढलेल्या अर्काचा) असतो. "मासे नको" म्हणून भागत नाही, "दाशी मो दामे देसु" (दाशीही चालत नाही) असं सांगावं लागतं. लहान खानावळीत मग भात आणि लोणचंच उरतं, त्यांची सोय आधी दुसरीकडे करा. कोळंबी-खेकड्याची अ‍ॅलर्जी असेल तर शिरासूही जपून, जाळ्यात बारीक खेकडे-कोळंबी मिसळून येतात.

*

डिसेंबरात सान-इन किनाऱ्याला (ह्योगो, तोत्तोरी) जाणाऱ्यांसाठी : मात्सुबागानी खेकड्याचा हंगाम ६ नोव्हेंबरला उघडतो. नर २० मार्चपर्यंत, मादी फक्त डिसेंबरअखेरपर्यंत. नराच्या पायाला बंदराचं नाव असलेली प्लास्टिकची चकती असते, ती नसेल तर खेकडा कुठला ते विचारा. नर महाग. मादी लहान, स्वस्त, आणि आतली नारिंगी गाबोळी अप्रतिम. जानेवारीत गेलात तर ती मिळणार नाही.