गोगलगाय अन् पोटात पाय: मीठ टाकायचं का आधी मोजायचं?

रातकिडा
आमची सोसायटी गोरेगाव पूर्वेला, मागची भिंत आरेच्या जंगलाला लागून. परवाच्या रविवारी "गोगलगाय हटाव" झालं. वीसेक माणसं, चार बादल्या, दोन गोणी जाडं मीठ. फोटो निघाले, वडापाव झाला, सगळे खूश. मी पण गेलो होतो आणि तेव्हापासून डोक्यात भुणभुण चालूय म्हणून लिहितोय.

मारायला माझा विरोध नाही आधीच सांगतो. ही मोठी तपकिरी पट्ट्यांची, भोवऱ्यासारख्या टोकदार शंखाची आफ्रिकन गोगलगाय आपली नाहीच, १८४७ मध्ये विल्यम बेन्सन नावाच्या शंखशिंपल्यांच्या अभ्यासकाने मॉरिशसहून आणून कलकत्त्यात चौरंगीच्या बागेत सोडली आणि तिथून पसरत आपल्यापर्यंत आली. पण त्या चार बादल्यांमध्ये किती होत्या? कोणीच मोजल्या नाहीत. त्यात चपट्या शंखाच्या आपल्या गावठी गोगलगायी पण होत्या, एक तर डावीकडे वळलेल्या शंखाची, ती मी हळूच काढून झाडीत सोडली तर एक काका माझ्याकडे असं बघत होते जसं काय मी चोर सोडला.

आणि मुख्य मुद्दा. या गोगलगायीत उंदराच्या फुप्फुसातला एक कृमी वाढतो, अँजिओस्ट्रॉन्गिलस. १९८२ सालीच मुंबईच्या उंदरांमध्ये तो असल्याचा शोधनिबंध आलाय. आपल्या आवारातल्या गोगलगायींमध्ये आहे का? बघितलंय कोणी? पोरं उघड्या हातांनी उचलत होती. माझं म्हणणं एवढंच, आधी एक महिना मोजा, थोड्या तपासायला द्या, मग काय ती मोहीम करा.

मीठभाकर
ते काका म्हणजे मीच 😀 भाऊ, तुम्ही मोजत बसा, माझी अळूची आणि पपईची रोपं तोवर देठासकट गेलेली असतील. भिंतीचा चुना पण चाटून खातात. आणि तुम्हीच लिहिलंय की आणली कोणी तर अभ्यासकाने! आता परत अभ्यासकालाच विचारायचं की बाबा हिचं काय करू?

लातूरचा_मुंबईत
काकांशी सहमत. आमच्या भागात २०२२ च्या जुलैत सोयाबीन उगवलं आणि शंखी गोगलगायींनी कोंबच खाऊन टाकले. लातूर, बीड, उस्मानाबाद सगळीकडे तेच. आमच्या वडिलांनी दुबार पेरणी केली, ती पण अर्धी गेली. तेव्हा गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती बांधावर टाकायची, पहाटे पोत्याखाली गोळा झालेल्या वेचून मिठाच्या पाण्यात बुडवायच्या, हेच काम महिनाभर. तिथे कोणी म्हटलं असतं आधी मोजू, तर आमच्या आईने त्यालाच पोत्यात घातलं असतं.

रातकिडा
दादा, शेतावर पीक उभं असताना मी पण मोजा म्हणणार नाही. इथे कुंड्या आहेत हो.

मीठभाकर
कुंड्या म्हणजे कुंड्याच काय. म्हातारा माणूस दुसरं काय करतो.

स्लाइडखाली
लॅबमध्ये काम करते, परजीवी हाच विषय, म्हणून दोन्ही बाजूंना थोडं थोडं ऐकवते.

तो कृमी मोठा होतो उंदराच्या फुप्फुसाच्या धमन्यांत. पिल्लं उंदराच्या लेंडीतून बाहेर पडतात, गोगलगाय ती लेंडी खाते, तिच्या अंगात अळी तयार होते, ती गोगलगाय परत उंदीर खातो. झालं चक्र. माणूस मधे चुकून येतो, कच्ची गोगलगाय खाऊन किंवा न धुतलेल्या पालेभाजीवरची बारकी पोटात जाऊन. मग अळी मेंदूपर्यंत जाते आणि तिथेच अडकते, मेंदूच्या आवरणाला सूज येते. नुसत्या हात लावण्याने होण्याची शक्यता कमी, पण ग्लोव्हज घाला आणि साबणाने हात धुवा, यात वाद नको.

रातकिडा, तुमचं "थोड्या तपासायला द्या" हे इतकं सोपं नाही. गोगलगाय कापून, पेप्सिन (पोटातलं पाचक द्रव्य) आणि आम्लात विरघळवून सूक्ष्मदर्शकाखाली अळ्या शोधायच्या. समजा तीस तपासल्या आणि एकीत पण नाही मिळाली तर सोसायटी म्हणणार आपलं आवार क्लीन. साफ चूक. एकही सापडली नाही तर ढोबळ नियम असा, तीन भागिले तपासलेल्यांचा आकडा. इथे तीन भागिले तीस, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत लागण असून पण तुम्हाला शून्य दिसू शकतं. शंभरावर तपासा, तेही दोन-तीन पावसाळी महिन्यांत वाटून, मग बोला. आणि कुंपणापलीकडे जाऊन वेचायच्या नाहीत हां, राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत तर वनखात्याच्या परवानगीशिवाय काहीच उचलता येत नाही.

चाळकरी
म्हणजे अभ्यासाला शंभर मारायच्या तर चालतं आणि काकांनी मारल्या तर पाप 😂

रातकिडा
पाप कोण म्हणालं? मेलेल्यातून काहीतरी कळू दे एवढंच. आणि न बघता उपाय केला की काय होतं त्याचं उदाहरण हवाईचं. १९५५ मध्ये याच आफ्रिकन गोगलगायीला मारायला तिथे दुसरी शिकारी गोगलगाय सोडली. तिने तिथल्या झाडांवरच्या स्थानिक गोगलगायींचाच फडशा पाडला.

लातूरचा_मुंबईत
आम्ही शिकारी गोगलगाय नाही आणत आहोत साहेब, मीठ आणतोय. हवाई कशाला मधे? फ्लोरिडा बघा ना. १९६६ मध्ये एक पोरगा हवाईहून तीन गोगलगायी घेऊन मायामीला आला, आजीने बागेत सोडल्या, सात वर्षांत अठरा हजारांवर. सरकारने दहा लाख डॉलर घातले आणि १९७५ पर्यंत संपवल्या. मारूनच संपवल्या ना?

रातकिडा
अठरा हजार हा आकडा आला कुठून मग? मोजल्या म्हणून आला! गल्लोगल्ली फिरून, शेवटची मिळाल्यावर पण पुढे बघत राहिले. आणि २०११ मध्ये त्या परत सापडल्याच तिथे, परत दहा वर्षं गेली. आपण एक रविवार वडापाव खाऊन मोहीम यशस्वी म्हणतोय.

अनु_मुलुंड
मीठवाल्यांना एक प्रश्न. मातीवर मीठ टाकलं की गोगलगाय मरते बरोबर, पण माती पण मरते. आमच्याकडे गेल्या वर्षी तुळस आणि मोगरा दोन्ही गेले. आणि मेलेले शंख तसेच पडून राहिले, त्यात पाणी साचलं, त्यात डासांच्या अळ्या. फवारणीवाला आला तो म्हणाला मॅडम कुंडीच्या बशा कशाला बघू, हे बघा! डेंग्यूच्या सीझनला शंभर बारक्या वाट्या मांडून ठेवल्यासारखं. शंख ठेचून पुरा तरी.
आणि गोगलगायी मारायला बाजारात मिळतात त्या मेटाल्डिहाईडच्या गोळ्या आणू नका, आवारातली कुत्री खातात, त्यांना विष आहे ते.

मीठभाकर
अनुताई, हे मान्य. मीठ बादलीत, मातीवर नाही. रविवारी काही जणांनी वाफ्यावर ओतलं ते मलाही पटलं नव्हतं, पण तेव्हा सेक्रेटरीसाहेब जोशात होते.
तरी एक महिना थांबायचं हे पटत नाहीच. एका वेळी शे-दोनशे अंडी घालते, साबुदाण्यासारखी, मातीत. महिन्याने तुमचा आकडा येईल तेव्हा तो जुना झालेला असेल.

स्लाइडखाली
या एका बाबतीत काका बरोबर आहेत. थांबायची गरजच नाही. एक मीटर बाय एक मीटरची चौकट करा, चार काठ्या आणि सुतळी बस, ठरलेल्या दहा जागी टाका, रात्री नऊनंतर टॉर्च घेऊन आतल्या मोजा, मग वेचा. दर आठवड्याला त्याच जागा. वेचणं चालू राहील आणि आकडा खरंच उतरतोय का तेही कळेल. चपट्या शंखाच्या वेगळ्या लिहा आणि सोडून द्या.

चाळकरी
बाय द वे, "गोगलगाय अन् पोटात पाय" म्हणतो ना आपण, शास्त्रीय भाषेत या गटाचं नाव गॅस्ट्रोपोडा, त्याचा अर्थ पण पोट-पाय. आपल्या आज्या ग्रीक शिकल्या होत्या वाटतं.

मीठभाकर
काल रात्री नातवाला घेऊन गेलो. पंपाच्या मागे चौकटीत ११, पार्किंगजवळ ४, कंपोस्टच्या खड्ड्याशी २३. मग वेचून बादलीत.

रातकिडा
काका!! भारी. बारक्या-मोठ्या वेगळ्या मोजल्या का?

मीठभाकर
पाऊस पडत होता. एका हातात छत्री, एका हातात टॉर्च, नातू झोपेला आलेला. बारक्या-मोठ्या तुम्ही या मोजायला.