१०० सीसी बाईकचा प्लग नवा टाकूनही काळा पडतोय

प्रश्न (रायबंदर):
कार्बोरेटरवाली जुनी बाईक आहे. रोज फेरीबोटीने चोडण बेटावर कामाला जातो. पाऊस सुरू झाल्यापासून सकाळी किकवर किक मारावी लागते आणि धक्क्यावरच्या रांगेत गाडी बंद पडते. प्लग काढला की कोरडी काजळी, बोटाला लागते. गॅरेजवाला पॉलिश पेपर मारून देतो, थोडे दिवस बरी चालते, मग परत तेच. नवा प्लगही काळा झाला. आता काय बदलू?

उत्तर (फोंडा):
आधी चोक बघा, थंड इंजिन सुरू करताना मिश्रणात पेट्रोल वाढवतो तो. केबल सुकली की लिव्हर मागे येतो, पण आतला चोक अर्धवट ओढलेलाच राहतो. आपल्या हवेत चोक सकाळी घटकाभरच लागतो.

उत्तर (डिचोली):
भाऊ, प्लग बदलत बसू नका, प्लग काय सांगतोय ते बघा. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. ओला तेलकट काळा असता तर मी व्हॉल्व्ह सील नाहीतर रिंगा म्हटलं असतं, निळा धूरही दिसला असता. तुमचं तसं नाही, इंजिन उघडायला कोणी सांगितलं तर ऐकू नका.

प्लगचं टोक साधारण ४५०–५०० अंश सेल्सिअसला पोचलं की काजळी आपोआप जळते. तुमचा प्रवास धक्क्यापर्यंतचा, मग रांगेत आयडलवर, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू, धडधड. टोक तापतच नाही. रांगेत इंजिन बंद ठेवा आणि सुट्टीच्या दिवशी एकदा डिचोलीपर्यंत मोकळी पळवून आणा. रंग बघायचा तोही अशा धावेनंतरच. फिकट तपकिरी असेल तर मिश्रण ठीक.

एअर फिल्टर उघडा. पावसात कागदी फिल्टर दमट होऊन हवा अडते, तो धुवायचा नसतो, बदलायचा. प्लगचा नंबरही मॅन्युअलशी ताडून बघा. एनजीके कंपनीच्या प्लगमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, म्हणजे उष्णता लवकर सोडणारा, बॉशमध्ये उलटं. दुकानदार ७ ऐवजी ८ देतात, छोट्या फेऱ्यांना तो लवकर काळवंडतो.

आणि पॉलिश पेपर, तारेचा ब्रश बंद करा. ब्रशच्या धातूचे ओरखडे पांढऱ्या चिनीमातीवर राहतात, ठिणगी तिथूनच निसटते. कार्ब क्लीनर, मऊ टूथब्रश, नीट वाळवणं, फीलर गेजच्या पातळ पट्टीने टोकाची फट (गॅप) मोजणं. बस्स. प्लग थंड इंजिनातच काढा, हेड ॲल्युमिनियमचं असतं, आटे गेले तर मोठा खर्च.

प्रश्नकर्ता:
चोक ठीक आहे, नंबरही बरोबर. फिल्टर मात्र ओलसर आणि मातीने भरलेला निघाला. नवा टाकला. आता मिश्रणाचा स्क्रू फिरवू का?

उत्तर (डिचोली):
आधी नव्या फिल्टरवर चालवा. तरीही काळा पडला तरच. इंजिन चांगलं तापवून स्क्रू हळू फिरवा, आयडल सगळ्यात वर जाईल तिथे थांबा, मग आयडलच्या स्क्रूने वेग खाली आणा. दोन्ही स्क्रू एकदम हलवले तर काहीच कळणार नाही.

उत्तर (कळंगुट):
प्लगची कॅपही काढून बघा. खाऱ्या हवेत आतली पितळी पट्टी हिरवी पडते, ठिणगी कमजोर होते. बऱ्याच गाड्यांत कॅप वायरीवरून फिरवून निघते. वायरीचं कुजलेलं टोक थोडं कापा, कॅप परत घट्ट बसवा. रबर चिरलं असेल तर कॅपच बदला, स्वस्त असते.